क्लोजअपमधला घास

५ जानेवारी
संकल्प. एक, बोनाव्हेंचरचं नाव तोंडातून काढायचं नाही. दोन, त्याची ती क्लिप बघायची नाही. तीन, बियर फक्त रविवारी.

त्याच दिवशी, संध्याकाळी
क्लिप बघितली. माझा नाइलाज होता, उझो शेजारी बसून तीच बघत होती. ‘तिसरी सासू’ सिनेमात बोना कुटलेल्या याम कंदाचा गोळा तोडतो, कडू पानांच्या सूपात बुडवतो, गिळतो आणि डोळे मिटतो. बस्स. बारा सेकंद. या बारा सेकंदांपायी आमचं अख्खं असाबा शहर वेडं झालंय. मी एकोणीस वर्षं या धंद्यात आहे. लग्न, मयत, राजाचा दरबार, कॅमेऱ्यासमोर जिथे म्हणून ताटं मांडली तिथे मी जेवलोय. मागच्या ओळीत, पण जेवलोय. उझो म्हणाली, बघा ना चिसिमचे बाबा, काय खातो हा माणूस, जीव ओवाळून टाकावासा वाटतो. स्वतःच्या नवऱ्यासमोर म्हणाली. मी दोन ताटं जेवून उठलो.

११ जानेवारी
बाजारात बोना भेटला. मिरचीवालीने त्याला फुकट मिरच्या दिल्या. मला म्हणाली, काका जरा बाजूला व्हा, फोटो काढायचाय. बोना लगेच वाकून म्हणाला, दादा, बरे आहात ना? दादा! माझ्याहून आठच वर्षांनी लहान आहे. चारचौघांत मुद्दाम म्हणतो, म्हणजे लोकांना वाटावं मी म्हातारा झालो. मिरच्यांतल्या अर्ध्या मला देत होता. मी घेतल्या नाहीत. एवढाही गेलेला नाही मी.
(घरी मिरच्या नव्हत्या. उझोने ऐकवलं.)

२ फेब्रुवारी
लागला! मोठा रोल लागला! मॅडम एबेलेंचा सिनेमा. मी मुलाचा मोठा काका. दोन्ही घराण्यांचं जुनं वैर, काका शपथ घेऊन येतो की या घरात पाण्याचा थेंब घेणार नाही. मुलीने रांधलेलं समोर येतं. काका एक घास घेतो, विरघळतो, म्हणतो, ही मुलगी आमच्या घरात हवीच. लग्न ठरतं. अख्खा सिनेमा माझ्या एका घासावर उभा आहे.
मॅडमच्या माणसाने सांगितलं की रोल आधी बोनाला दिला होता, पण तो एनुगूला दुसऱ्या शूटिंगमध्ये अडकलाय आणि त्यानेच माझं नाव सुचवलं. यात काहीतरी डाव आहे. बिनकामाचं कोण कोणाचं नाव सुचवतं? तरी मॅडमच्या शब्दाखातर हो म्हटलं.
दुसरी बातमी: सीनमधलं सूप उझोने करायचं ठरलंय. मॅडमनी चर्चच्या जेवणात तिचं सूप खाल्लं होतं म्हणे.

३ फेब्रुवारी
उझोच्या डोक्यात नवंच खूळ. बसस्टँडसमोर खानावळ काढायची, दारावर पाटी लावायची: सिनेमातलं सूप इथेच मिळेल. म्हणाली, मी पानं सात पाण्यांतून काढीन, मासा स्वतः निवडून आणीन, तुम्ही फक्त एवढंच करा, खाताना छान लागतंय असं दिसू द्या. मी हसलो. पडद्यावर सूप कोणाला दिसतं? दिसतो तो चेहरा. तरी बिचारीला हो म्हटलं. तिची खानावळ माझ्या चेहऱ्यावर चालणार आहे, हे एका परीने खरंच आहे.

९ फेब्रुवारी
आरशासमोर सराव. तृप्ती, आश्चर्य, जुन्या वैराचा शेवट, तिन्ही एकाच घासात. जमलं. उझोला बोलावून दाखवलं. तिने विचारलं, दात दुखतोय का?
बायकांना अभिनयातलं फार कळत नाही.

१७ फेब्रुवारी
बोनाचा फोन, एनुगूहून. म्हणाला, दादा, एक सांगतो, राग मानू नका. घास घ्या, कट झाला की बादलीत थुंका. गिळू नका. क्लोजअप सगळ्यात शेवटी असतो, तोपर्यंत पोट भरलं तर मेलात.
म्हणजे तो थुंकतो! ते बारा सेकंद, ते मिटलेले डोळे, आणि मग बादली! अरे देवा, किती हलकं वाटलं म्हणून सांगू. आता कळलं डाव काय होता. मलाही आपल्यासारखंच थुंक्या बनवायचं होतं त्याला. मी गिळणार. प्रत्येक घास. आज दुपारपासून उपास.

१८ फेब्रुवारी, सकाळी ७
पोटात आग पडलीय. पूर्ण तयार.

१०.३०, मेकअपच्या खुर्चीत
पहिला टेक, लांबून. अख्खा गोळा संपवला. एक बाई बादली घेऊन आली, तिला हातानेच परत पाठवलं. सेटवर सगळे बघत राहिले.

१२.१०
सहावा टेक. एकदा जनरेटर बंद पडला, एकदा कोंबडा मधे आला, एकदा मुलीचा बाप वाक्य विसरला. प्रत्येक टेकला ताट पहिल्यासारखं भरलेलं लागतं, गोळाही तेवढाच. उझो मागे भराभर कुटतेय. सूप उत्तम आहे. होतं.

२.२०
अकरावा. पट्टा सोडला. बादलीवाली समोरच उभी राहून माझ्याकडे बघत्येय. बघू दे.

३.५०
आता क्लोजअप. पाणीही जात नाहीये. पण ही शरीराची गोष्ट झाली. मी नट आहे.

संध्याकाळी ७, घरी
झाला क्लोजअप. एका टेकमध्ये. उझो कॅमेऱ्यामागे डाव हातात घेऊन उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत. मी घास उचलला. तो जरा वेळ तोंडात राहिला. मग गेला. डोळ्यांतून आपोआप पाणी आलं, असा खरा अश्रू पैसे देऊन मिळत नाही. मग मी वाक्य म्हटलं, ही मुलगी आमच्या घरात हवीच, आणि टेबल घट्ट धरलं. मॅडमना कट म्हणायचंही सुचलं नाही, इतक्या भारावल्या. ऊन गेलं होतं, दुसरा टेक शक्य नव्हता. मॅडम एवढंच म्हणाल्या, झालं तेवढं पुरे. मोठी माणसं कमी बोलतात.
उझो सगळ्या वाटेत गप्प. दमली असेल.

१९ फेब्रुवारी
दिवसभर झोपून. काही लिहिण्यासारखं नाही.

४ मे
खानावळ उघडली. पाटी लागली. उझोने नवा कपडा डोक्याला बांधलाय. सिनेमा शुक्रवारी येतोय. मी ठरवलंय की प्रसिद्धी आली तरी लोकांशी पहिल्यासारखंच वागायचं.

१० मे
प्रसिद्धी आली! माझी क्लिप सगळ्यांच्या फोनवर. बोनाची बारा सेकंदांची, माझी अठरा सेकंदांची. स्टिकरसुद्धा निघालंय, माझा चेहरा आणि खाली काहीतरी. चष्मा नव्हता, वाचता आलं नाही.

११ मे
चष्मा लावून वाचलं. “सासूबाई, फारच छान झालंय.”
लोक ते एकमेकांना पाठवतात आणि हसतात. चर्चमध्ये पाद्रीबुवांनीही विचारलं, जेवण पचलं का रे? खोल अभिनय लोकांना आधी विनोदी वाटतो. थांबायला हवं.

१६ मे
खानावळीत पाच गिऱ्हाइकं. चौघं पाटी वाचून बाहेरूनच हसत गेली. पाचवा आत आला, त्याने विचारलं, हे तेच का, ज्याने त्या काकाला रडवलं? खाल्लं नाहीच, फोटो काढून गेला. उझोने भांडंभर सूप शेजाऱ्यांत वाटून टाकलं. मी म्हटलं, जाहिरात तर होतेय ना? तिने डाव आपटला. मग पाटी काढली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली.
संकल्प: उद्या मॅडमना भेटून सीन पुन्हा शूट करायला सांगायचं.

१७ मे
मॅडम मीटिंगमध्ये होत्या. दिवसभर.

२ जून
कहर! दुपारी बोना खानावळीत आला. कोणी बोलावलं नव्हतं. रस्त्यालगतच्या बाकावर बसला, मोठ्याने म्हणाला, वहिनी, ज्या सूपाची एवढी चेष्टा चाललीय ते आधी मला वाढा. गर्दी जमली, फोन निघाले. त्याने गोळा तोडला, बुडवला, गिळला, डोळे मिटले. मी टेबलाखाली वाकून बघितलं. बादली नव्हती. बाकामागे बघितलं, खिशाकडे बघितलं. काही नाही. गिळत होता लेकाचा. दुसरं ताट मागितलं, मग तिसरं. उझो दारात उभी होती, एवढी हसताना मी तिला आमच्या लग्नातही पाहिली नव्हती. माझ्या आत काय जळत होतं ते इथे लिहिता येत नाही.
जाताना मला म्हणाला, दादा, नशीबवान आहात, रोज हे खाता. टोमणाच.

३ जून
अकरापासून रांग. दोनला सूप संपलं.

२० जून
उझोने दोन बायका हाताखाली ठेवल्यात. पाटी पुन्हा लागली, त्यावर बोनाचा फोटो. मी म्हटलं, माझाही लावता येईल, कोपऱ्यात. ती म्हणाली, बघू.

२१ जून
दुपारी रस्त्यालगतच्या बाकावर जेवायला बसलो. उझो येऊन शेजारी टेकली आणि हळूच म्हणाली, तुम्ही आतल्या बाजूला बसाल का, गिऱ्हाइकं बघतात आणि उठून जातात. मी चिडलो. म्हटलं, अगं, आता मी अभिनय करत नाहीये, मला खरंच आवडतंय, उत्तम झालंय सूप. शपथेवर सांगतो. ती म्हणाली, ते आता कळलं हो मला, तुमचं खातानाचं तोंडच तसं आहे. मग डोक्याचा कपडा सारखा करत म्हणाली, बावीस वर्षं मी समजत होते, माझ्याच हाताला चव नाही.
कोणीतरी सूप मागितलं, ती उठून गेली. मी ताट घेऊन आत गेलो.