टिकी लगूनचा वेतोबा

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

फर्गसचे बूट टेबलावर! चर्चच्या हॉलमध्ये, स्वच्छ पुसून ठेवलेले. पुढे पुठ्ठ्यावर लिहिलेलं — 'टिकी लगूनमधले बूट. कारण माहीत नाही.'

ड्रोहेडातल्या बंद पडलेल्या दुकानांच्या वस्तू मांडल्या होत्या. बेकरीचे साचे, सिनेमाची तिकिटं, आणि एका टेबलावर आमचं लगून, फर्गसचं हॉटेल. ते बंद होऊन सोळा वर्षं झाली. उरलंय ते एवढंच — वटारलेल्या डोळ्यांच्या देवांची तोंडं असलेले चार मातीचे पेले, बांबूचं कव्हर असलेलं मेन्यूकार्ड, प्लास्टिकच्या फुलांच्या माळा, थोड्या काडेपेट्या. आणि ते बूट.

टेबलामागे नीव्ह उभी होती. फर्गसची मुलगी. तेव्हा कॉलेजातून येऊन टेबलं लावायची. आता केस पिकू लागलेत. तिने मला ओळखलं, 'गुरू' म्हणाली. मला गुरू म्हणणारा एक फर्गसच होता. तो गेल्या हिवाळ्यात गेला, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. शेवटची वर्षं कासलबारला बहिणीकडे होता. मी एकदाही गेलो नाही.

तिने विचारलं, बाबांनी हे बूट त्या मोठ्या लाकडी पुतळ्यापुढे का ठेवले होते, तुला काही आठवतं का? मी म्हटलं, माझ्या आईने सांगितलं होतं म्हणून. 

पुतळा अजून आहे म्हणाली. तिच्या शेडमध्ये. खालून कुजलाय. भाऊ म्हणतो, एकतीसला हॅलोवीनचा जाळ पेटतो, त्यात घालू.

६ ऑक्टोबर

पोराने, सारंगने, पर्थचा विषय काढला नाही. मीही नाही. ऑस्ट्रेलियातली नोकरी, महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. परवा त्याने सांगितलं तेव्हा मी 'बघू' म्हणालो. तेव्हापासून घरात तो 'बघू' बसून आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

प्लांटमध्ये दिवसभर लगूनच डोक्यात.

मी आयर्लंडला आलो तेव्हा सव्वीस वर्षांचा. लगूनच्या वर एक खोली भाड्याने मिळाली. बाहेर पाऊस, राखाडी नदी, चारला अंधार. खाली उतरलं की नारळाच्या झावळ्या, बांबूच्या भिंती, हिरव्या काचेच्या गोळ्यांतले दिवे! प्रशांत महासागरातल्या बेटांचा देखावा. फर्गसने ती बेटं पाहिली होती? छे. लिव्हरपूलला जाणाऱ्या फेरीवर तो स्वयंपाकी होता. झावळ्यासुद्धा प्लास्टिकच्या. मी एकदा म्हटलं, आमच्या गावी खऱ्या आहेत, माडावरून पडतात त्या आम्ही चुलीत घालतो. तो आठवडाभर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटला — आमचा गुरू खऱ्या टिकी बेटावरचा आहे.

सगळं खोटं. पण मला तिथेच झोप लागायची. केळ्याच्या भज्यांचा वास जिन्यातून वर यायचा आणि मी सिंधुदुर्गात असायचो.

लग्न होऊन विभावरी आली, सारंग झाला, आम्ही नदीपलीकडे घर घेतलं. तरी शुक्रवारी लगून चुकलं नाही.

दारातच तो पुतळा. पुरुषभर उंच, काळं लाकूड, डोळे बाहेर, दात विचकलेले. फर्गसने तो कुठल्याशा लिलावात घेतला होता.

१२ ऑक्टोबर, रविवार

आईचं लिहायचं राहिलं. ते लिहिलं नाही तर बाकीचं कशाला लिहायचं?

ती एकदाच आली. २००८चा उन्हाळा. बाबा आदल्या वर्षी गेलेले. पहिल्याच शुक्रवारी तिला लगूनमध्ये नेलं. दारात पुतळा बघून ती थबकली. मला वाटलं घाबरली. तिने पायांतल्या चपला काढल्या, पदर घेतला, म्हणाली, "अरे, ह्यो तर आपलो वेतोबा! हय कधी इलो?"

मी समजावलं — आई, हा देव नव्हे, शोभेचा आहे. इथे दारू देतात, मांस शिजतं. ती म्हणाली, वेतोबाक सगळा चालता. दुसऱ्या दिवशी कुंकू आणि केळ्यांची फणी घेऊन हजर! फर्गस हरखून गेला. मग तिने मला दुभाषा करून त्याला सांगितलं की हा देव रात्री गावभर फिरतो, राखण करतो, त्याच्या वहाणा झिजतात, लोक त्याला नव्या आणून वाहतात. तुमचा देव अनवाणी कसा? फर्गस आत गेला आणि आपले बूट घेऊन आला.

गाऱ्हाणं घालायलाही शिकवलं. आपण देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. फर्गस इतकं पक्कं शिकला की पुढे ऑर्डर घेतानाही तेच. दोन भजी? व्हय म्हाराजा. एक पेला अननसाचा? व्हय म्हाराजा.

त्याच उन्हाळ्यात मला गोव्याच्या कंपनीतून बोलावणं आलं होतं. घरापासून दीड तासावर. आई एकटी. माझं जवळजवळ ठरलं होतं. एका दुपारी मी आणि फर्गस मागच्या दाराशी खोके उतरवत होतो. आत आलो तर आई पुतळ्यापुढे, तांब्या हातात. म्हणाली, मी कौल लावलंय. तुका हय थारो आसा काय, ह्या इचारलंय.

"देवान उजवो कौल दिल्यान. तू हयच रव."

मी राहिलो. ती परत गेली. पाच वर्षं त्या घरात एकटी राहिली. श्रावणात गेली. मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता.

ज्या ज्या रात्री ते टोचलं, त्या त्या रात्री मी स्वतःला एकच सांगितलं — मी सोडलं नाही, देवाने ठेवलं. त्याच्यावर मी इथे उभा आहे. दुसरं काही नाही.

१३ ऑक्टोबर

सारंगला विचारलं, आजी कौल लावायची ते तुला आठवतं का? नाही आठवत. मग सांगितलं. देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा, वाट बघायची. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. उजवी म्हणजे देवाची उजवी, आपली नव्हे. एकदा विचारलं की जे येईल ते मानायचं.

तो त्याच्या आयरिश इंग्रजीत म्हणाला, म्हणजे सगळं युअर मॅनच ठरवणार? इथे कुणाही गड्याला 'युअर मॅन' म्हणतात. मी रागावणार होतो, हसू आलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

नीव्हच्या शेडमध्ये गेलो. गवत कापायच्या यंत्रामागे उभा आहे. मी चपला... बूट काढले. सिमेंट थंडगार. कपाळावर कुंकवाची लाली अजून दिसते! की मलाच दिसली?

नीव्हचा भाऊ भला माणूस. म्हणाला, घेऊन जा ना, मला फक्त शेड मोकळी हवी आहे. पण एकतीसच्या आत. नाहीतर पोरं सरपणासारखा उचलून जाळात घालतील.

कुंकू लागलेलं लाकूड जळू कसं द्यायचं? गावात देवाचं जुनं लाकूड झालं तरी ते पाण्याला देतात, विधी करून. आणि खरं सांगायचं तर मला त्याला काही विचारायचंही आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

दिवे लावले. देव आमचे जिन्याखालच्या प्रेसमध्ये — कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आता आम्हीही. विभावरीला पुतळ्याचं सांगितलं. म्हणाली, प्रेसमध्ये मावणार आहे का तो? मग दिवा सारखा करत म्हणाली, "तुम्हाला लाकूड नकोय. तुम्हाला तुमच्याऐवजी नाही म्हणणारं कुणीतरी हवंय."

मी म्हटलं, मी नाही म्हटलेलं नाही.

"तुमचं 'बघू' म्हणजे काय, ते त्याला लहानपणापासून कळतं. तो तुम्हाला दुखवून जाणार नाही. न जाता राहील. मग आयुष्यभर दोघे एकमेकांना बघत बसा."

लाडू चांगले झालेत. सारंगने चार खाल्ले. आजीच्या हातचे असेच असायचे का, विचारलं. मी हो म्हटलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आणला. ऑफिसातल्या आशिषची व्हॅन. सारंगनेच एका बाजूने उचलला. गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून उभा केला. सारंग त्याच्याकडे बघून म्हणाला, ग्रँड आहे हा. मग जरा वेळाने, "बाबा, याला माझ्याबद्दल विचारणार आहात?"

हो म्हटलं.

म्हणाला, ठीक आहे. जे येईल ते. थट्टेने म्हणाला नाही. तेच जास्त लागलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज हिवाळ्यासाठी घड्याळं मागे गेली. तासभर जास्तीचा मिळाला. आंघोळ करून गॅरेजमध्ये. अंगणातल्या हायड्रेंजियाच्या पाकळ्या — आईनेही त्याच घेतल्या होत्या, इथे जास्वंद कुठली? ऑक्टोबरात त्यांचा रंग उडालेला असतो, पण चिकटतात चांगल्या.

दोन पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं घातलं. व्हय म्हाराजा म्हणायला कुणी नव्हतं, मीच म्हटलं. विचारलं — पोराला जाऊ देऊ का?

बराच वेळ काही नाही. बाहेर कुणीतरी गाडी धुवत होतं.

डावी पडली.

पोराने जाऊ नये. देवाने सांगितलं. आणि माझ्या मनात काय आलं ते इथे लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार — मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

सारंग कामावर होता. उद्या सांगेन.

२७ ऑक्टोबर, सोमवार. सुट्टी

सांगितलं नाही. सकाळी नीव्ह आली. बूट घेऊन! म्हणाली, हे याच्यापाशीच असायला हवेत. एक पेलाही आणला आम्हाला. विभावरीने चकल्या दिल्या. सारंग झोपला होता.

गॅरेजमध्ये नेलं. तिने बूट पुढे मांडले. मान वर केली तर छातीवर उजवीकडची पाकळी तशीच चिकटलेली. मी काढली नव्हती. ती एकदम हसली. म्हणाली, तुझी आई करायची ते! त्या दिवशी मीच तर होते तिच्याबरोबर. व्हय म्हाराजा मीच म्हणत होते.

मला हे माहीतच नव्हतं. मी विचारलं, काय काय केलं तिने?

तिला सगळं आठवत होतं. वयच तसं होतं तिचं, असं काही बघितलेलं विसरत नाही. आईने पाकळ्या लावल्या. एक पडली. काळजाच्या बाजूची, म्हणाली ती, आणि पुतळ्याच्या छातीवर डावीकडे बोट ठेवलं. आईने ती उचलली, पुन्हा पाणी लावलं, पुन्हा चिकटवली. पुन्हा काळजाच्या बाजूचीच पडली. मग आई स्टुलावर बसून राहिली. मागच्या दारातून तुमचे आवाज येत होते, म्हणाली, तुझा आणि बाबांचा, कशावरून तरी हसत होता दोघे.

"मग ती उठली आणि दुसऱ्या बाजूची पाकळी तिने स्वतःच नखाने काढली. माझ्या केसांत खोवली. मला वाटलं, हाही विधीतलाच भाग."

मी विचारलं, चहा घेतेस का.

पुढे

जेवण गेलं नाही. 

देवाने मला परत जा म्हणून सांगितलं होतं. दोनदा. आणि कौल मोडणं म्हणजे काय हे आईला ठाऊक नव्हतं? जिने जन्मात वेतोबाला पुसल्याशिवाय गाय विकली नाही, तिने. मी उपाशी राहिले तर चालेल पण देवाचा शब्द राहिला पाहिजे, असं म्हणणारी. तिने नखाने काढली.

आणि मग त्या घरात पाच वर्षं. फोनवर प्रत्येक रविवारी — माका काय होता? देव आसा मा माझ्यावांगडा.

त्या देवाला ती काय सांगत असेल रोज दिवा लावताना?

२८ ऑक्टोबर

दिवा लावला. काही मागितलं नाही.

३० ऑक्टोबर

कामावरून येताना गॅरेजमध्ये थांबलो. उजवीकडची पाकळी अजून चिकटलेली. वाळली आहे. इतके दिवस टिकते?

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

मैदानात जाळ पेटला आहे. पोरं मुखवटे घालून दाराशी येतायत, विभावरी लाडू वाटते आहे. सारंग गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला. आज उत्तर कळवायचं होतं. इंग्रजीतच विचारलं — युअर मॅन काय म्हणाला?

माझ्या मुठीत पाकळी होती. नखात तिचा चुरा.

"उजवा कौल दिला," मी म्हटलं. "जा."