पुलाखालची टकटक

प्रिय ठकू,

तुझ्या रोजच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं पत्र तू शांतपणे वाचशील. जेवले. झोपलेसुद्धा. परवा भाजी पार अळणी झाली होती, ते मला ताट धुताना ध्यानात आलं. एवढं सोडलं तर बरी आहे. कपाटं रिकामी करून झाली आहेत. येत्या सोमवारी वेशीजवळचा सायकलवाला होड्यांच्या शेडच्या किल्ल्या घ्यायला येणार आणि जावईबापू टेंपो घेऊन मला न्यायला येणार, हे सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. तू माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीस म्हणे. फिकट हिरवा मला चालतो. कुठलाही चालला असता.

तुझे बाबा हिवाळ्यात गेले, तेव्हा होड्या शेडमध्ये पालथ्या पडल्या होत्या. भेटायला आलेला प्रत्येक जण मला रडून मोकळी हो म्हणाला, आणि मी प्रत्येकाला चहात साखर किती विचारत बसले. शेजारच्या शिंपीणबाई मला धीराची बाई म्हणतात. कसला धीर गं! दाताला भूल दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं झालंय सगळ्या अंगाचं. तुझ्या बाबांच्या चपला देऊन टाकल्या, चष्मा ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि मग उभी राहून विचार केला की आता काहीतरी वाटायला हवं. काही वाटलं नाही. तू फोनवर रडायचीस तेव्हा मी घड्याळाकडे बघायचे, हेही सांगून टाकते.

मग उन्हाळा लागला. उन्हाळ्यात हे जुनं गाव अंगात आल्यासारखं करतं, तुला ठाऊकच आहे. तटावर पहाटेपासून पळणारे, बुरुजाच्या पायऱ्या पैज लावून चढणारे, खंदकाच्या कडेनं सायकलींच्या घंटा. खंदकातल्या होडीच्या सगळ्या मोसमाच्या सहली मी रद्द केल्या होत्या, पण एका शाळेच्या शिक्षिकांनी फार आधीपासून ठरवून ठेवलं होतं आणि त्यांना नाही म्हणायचा मला कंटाळा आला. म्हटलं, एवढी एक फेरी मारू आणि शेडला कुलूप लावू.

आमची पद्धत तुला आठवत असेल. मी पुढे, जायच्या दिशेला पाठ करून, प्रवाशांकडे तोंड. ते वल्ही मारणार आणि माझा तोंडाचा पट्टा चालू: हा बुरुज कुणी बांधला, तो दरवाजा कसा पडला. तुझे बाबा मागे सुकाणूवर, मौनव्रतात. ते म्हणायचे, राजेरजवाडे शंभर वर्षांत लढले नसतील एवढं तू एका फेरीत लढतेस. वळणानंतरचा तो बुटका पूल मला दिसायचाच नाही. कमानीखाली आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत, म्हणून ते वल्ह्याच्या दांड्यानं होडीच्या काठावर दोनदा ठोकायचे. टक टक. की मी वाकले. बोलणं न तोडता. इतकी वर्षं माझ्या डोक्याची काळजी माझ्या डोक्याला करावीच लागली नाही.

गेल्या रविवारी मी मागे बसले, सुकाणूवर. दहा शिक्षिका, सगळ्या वर्गातल्या पोरांपेक्षा जास्त गोंगाट करणाऱ्या. वळण घेतलं. पूल समोर होता, ठकू, भर उन्हात, मला स्वच्छ दिसत होता. मीच सगळ्यांना वाका म्हणून ओरडले. दहाही जणी शहाण्यासारख्या वाकल्या. आणि मी ताठ बसून राहिले. मी टकटक व्हायची वाट बघत होते.

दगड कपाळावर असा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. होडी भिंतीला घासत थांबली आणि त्या कमानीखाली मी भोकाड पसरलं. माझं रडणं वरून घुमून परत माझ्याच अंगावर येत होतं. त्या बिचाऱ्यांना वाटलं, बाईंना फार लागलं. गणिताच्या बाईंनी ओला रुमाल कपाळावर दाबून धरला आणि बाकीच्यांनी कशीबशी वल्ही मारत मला धक्क्यावर आणलं. फार लागलंच होतं गं. ते गेलेत, ठकू. मला ते रविवारी कळलं.

पत्र लिहायचं कारण हे, की फोनवर मला तू बोलू दिलं नसतंस. सायकलवाल्याला मी नाही म्हणून सांगून आले. त्यानं माझ्या कपाळाकडे बघून वाद घातला नाही. जावईबापूंना टेंपो रद्द करायला सांग. तुझ्या हिरव्या खोलीत मला कुणी काही लागू देणार नाही, म्हणूनच मी येत नाही. आपलं आपण वाकायला मला आता या वयात शिकायचंय, आणि ते त्या पुलाखालीच जमेल. तुला सुट्टी मिळाली की ये, पुढे बस, माझ्याकडे तोंड करून. मी ठोकीन. टेंगूळ अजून ठणकतंय. ठणकू दे.

तुझीच,
टेंगूळवाली आई