नवख्यांसाठीची तबकडी

प्रिय चिहोताई,

नुसता पत्ता कळवला आणि मग तीन आठवडे उद्या उद्या करत लिहिलंच नाही, रागवू नकोस. मी वेळेवर जेवतो. मोजे मात्र पाठव.

इथे मात्सुमोतो शहरात एका कॅफेत कामाला लागलोय. इथे लोक कॉफी पीत नुसत्या तबकड्या ऐकतात. बोलायला बंदी, फर्माईश चिठ्ठीवर लिहायची. आज एका मुलीने लिहिलं, "मी नवखी आहे. शब्दांशिवायचं काही लावा." मालकीण कुनिएकाकू माझ्या कानाशी पुटपुटल्या, "नवख्यांना आधी बांबूची बासरी. ती जुनी तबकडी काढ. आणि बोटं पूस, माकडा!"

पाकिटावर वाजवणाऱ्याचं नाव बाबांचं! फोटोही त्यांचाच, डोक्यावर केस असलेला! ताई, माझी बासरी शेगडीत घालणारे आपले बाबा! तुला ठाऊक होतं? मग मी घर सोडलं ते कशासाठी?

त्यांचा खोकला कसा आहे? मी विचारलं हे सांगू नकोस.

थांब, कोणीतरी आलं.

ताई, पत्ता तू दिलास ना? बाबा कोपऱ्यात बसलेत. बोलता तर येत नाही. त्यांनी चिठ्ठी पुढे केलीय: "मी नवखा आहे. माझ्या मुलाला आवडतं ते लावा."

तबकडी शोधायला जातो.

तुझा,
मासातो