जेऊरच्या विहिरीवरची पेटी

सर, तुम्ही जाऊन खूप वर्षं झाली, तरी कुणी समोर तान्ह्या बाळाची बाटली भरू लागलं की मी अजून विचारते, पाणी कुठलं. दुष्काळानंतरच्या त्या वर्षांत सोलापूरच्या आपल्या प्रयोगशाळेत ती परदेशी पेटी आली. कांडी पाण्यात बुडवली की काटा हलायचा आणि तान्ह्या बाळांना घातक असणारं नायट्रेट पाण्यात किती आहे ते विहिरीच्या काठावरच कळायचं. जेऊरजवळच्या एका वस्तीवर तुम्ही मला पहिल्यांदाच एकटीला पाठवलंत. विहिरीला लागूनच गुरांचा गोठा, भोवती घागरी घेतलेल्या बायका. काटा खालीच थांबला, म्हणजे नायट्रेट कमी. महिन्याभराचं पोर कडेवर घेतलेली एकजण म्हणाली, "लांबनं पानी आनावं लागतं बाई. ह्येच बाळाच्या दुदात घाटलं तर चालंल की?" मी म्हणाले, "चालेल. बिनघोर घाला."

तीन दिवसांनी दौऱ्यावरून परतून मी कांडी प्रयोगशाळेतल्या, नायट्रेटचं प्रमाण ठाऊक असलेल्या द्रावणात बुडवली. काटा निम्म्यावरच अडला. पेटी कमी दाखवत होती! तशीच तुमच्या टेबलाशी येऊन मी ते सांगितलं. "विहिरीवर आधी बाटलीतल्या द्रावणात कांडी बुडवून काटा जुळवला होता?" तुम्ही विचारलंत. "हो सर." "मग पेटीतच दोष आहे. उद्या पहिल्या गाडीनं जा. तार नको, तोंडानं सांगा."

जेऊर स्टेशनपासून मी जवळजवळ पळतेच आहे. त्या बाईच्या घराला कडी. शेजारीण सांगते, "पोराचं व्हट निळं पडलं की वो! कुर्डुवाडीला दवाखान्यात नेलंय." परतीच्या गाडीची वाट बघताना मला धड बसवत नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणत होते, हृदयात भोक असेल, पुण्याला न्या. मी विहिरीचं, नायट्रेटचं सांगितलं तसे ते थबकले, रक्त काढून पाहिलं आणि सुई टोचली. तासाभरात ओठांवर रंग परतला. मी रडू लागले, तर ती बाई शांतपणे म्हणाली, "तुमीच म्हनला हुता, चालंल."

मूल वाचलं. विहीर पिण्याला बंद झाली. पेटी न तपासता बाहेर काढलीच कशी, म्हणून वरच्या साहेबांची बोलणी मात्र तुम्ही खाल्लीत. मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते.

तुमची मुलगी अधूनमधून भेटते. हे लिहिलेलं तिच्या हाती देता येईल, पण देणार नाही. सर, त्या दिवशी मी काटा जुळवला नव्हता. द्रावणाची बाटली सामानाच्या तळाशी होती, आणि बायका खोळंबल्या होत्या.