आतल्या खोलीतलं नेट

२ एप्रिल, मंगळवार
पल्लवीच्या ऑफिसचं पत्र आलं. सूनबाईनं जेवताना सांगितलं, ताटाकडं बघत. जूनच्या मध्यापासून एकतर पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं, नाहीतर घरचं नेट भरवशाचं आहे हे दाखवायचं. दोन वर्षं ती घरूनच काम करते, आतल्या खोलीत बसून. महेश म्हणाला, "अण्णा, मला चाकणला बदली मागता येईल." म्हणजे नवरा-बायकोचं बोलणं आधीच झालेलं. नातीचं, सईचं नावही तिकडच्याच शाळेत घालावं लागेल, मग.
आमची ही उठली. सगळ्यांना ताक वाढलं. कुणी मागितलं नव्हतं.
तर सगळं नेटवर येऊन ठेपलं. बघू. पंपहाऊसवर एकतीस वर्षं पाणी मोजलं, नेट मोजता येत नाही होय?

४ एप्रिल, गुरुवार
पाणी (पा.) आलं, आठव्या दिवशी. मोटार पाऊण तास. घरातल्या बोळीतले चारही ड्रम गच्च. हिनं जुन्या पातळाच्या फडक्यांनी तोंडं बांधली.
दुपारी इरफान केबलवाला आला. नेटची डबी टीव्हीखालच्या स्टुलावर आहे, तिच्याशेजारी बसून त्यानं मोबाइलवर काटा फिरवून दाखवला. चौऱ्याण्णव. "देखो चाचा, सौ का प्लान, चौऱ्यान्नव आ रा. और क्या होना?"
म्हणालो, काट्याचं कौतुक मला सांगू नको. काटा पंपावर पण होता. हंडा किती वेळात भरला ते घड्याळालाच विचारावं लागतं.
ठरवलं. रोज एकच फाईल उतरवायची, एक जीबीची. पल्लवीनं शोधून दिली. घड्याळ लावलं: दीड मिनिट. मग शंभर म्हणतात तर सेकंदाला शंभर का उतरत नाही? इरफान म्हणतो, "आठ से भागना पडता चाचा." इथं सगळंच आठानं भागून मिळतं.

६ एप्रिल, शनिवार
तीन दिवस दीडच मिनिट. पल्लवीला ऐटीत सांगितलं, नेट एक नंबर आहे. ती म्हणाली, "मग माझी मीटिंग का अडकते अण्णा?" म्हणालो, "तुझं मशीनच जुनं असंल." चेहरा पडला तिचा. ऑफिसनं सहा महिन्यांपूर्वीच नवीन दिलेलं आहे म्हणे.

९ एप्रिल, मंगळवार. पाडवा
पल्लवीला सुट्टी. तिच्या टेबलाशी बसून तीच फाईल उतरवली. सात मिनिटं!
म्हणजे मी आजवर डबीच्या मांडीला मांडी लावून मोजत होतो. जलकुंभाखालच्या नळाला बादली लावायची आणि गल्लीच्या टोकाला पाणी पोचतं म्हणून सांगायचं, असल्या साहेबांना जन्मभर हसलो, आणि स्वतः तेच केलं. पल्लवीला म्हणालो, "पोरी, चुकलं माझं." हसली. गाठी दिली मला.
यापुढं माप आ. खो. मध्येच. आतली खोली, तिची खुर्ची, दुपारी चार.

१२ एप्रिल, शुक्रवार
काल आ. खो. पावणेपाच मिनिटं होती. वाटलं, सुधारलं. आज पा. आलं, सगळं भरून हात पुसून बसलो तर अठरा मिनिटं. अठरा! तिची मीटिंग तीनदा तुटली. दाराआडून ऐकलं, "सॉरी सर, आमच्याकडं नेट..." दर वाक्याला सॉरी.
इरफानला बोलावून घेतलं. नको ते बोललो. चोर म्हणालो. बाहेर नाव सोनूबाई आणि आत कथलाचा वाळा, असं म्हणालो, ते त्याला कळलं नाही, चोर तेवढं कळलं. त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला. "आप बडे हैं," म्हणून गेला. वीस वर्षांची ओळख.

१६ एप्रिल, मंगळवार
दुसरं कनेक्शन घेतलं. फोनवाल्या कंपनीचं, बिनतारी. डबी पहिलीच्या शेजारी, स्टुलावरच. ही म्हणते, "दोन दोन देव बसवलेत, आता प्रसाद कुणाला दाखवायचा?"
आ. खो.: केबल ११ मि., नवीन १० मि. उडदामाजी काळे गोरे.

१८ एप्रिल, गुरुवार
नव्या पाण्याच्या लाइनीसाठी चौकात खोदलं, केबलची तार तुटली. आमच्या गल्लीत पाणी नंतर येणार, नेट आधी गेलं. खोदणाऱ्याला विचारलं, ही लाइन कधी चालू होणार? म्हणाला, "काका, आमचं काम खोदायचं."
नवीन डबी ७ मि.

२० एप्रिल, शनिवार
आज आठवा दिवस, पा. नाही. ड्रमांचे तळ दिसायला लागले. टँकरला नंबर लावला. धरणाचा पेपरात आकडा येतो तो ही बघत नाही, मी बघतो. सवय.
तार जोडली. आ. खो.: केबल ४ मि., नवीन ४ मि. १०. दोघांनाही एकदम बरं वाटायला लागलं.

२१ एप्रिल, रविवार
पा. आलं, नवव्या दिवशी. केबल १७, नवीन १९. दोन वेगळ्या कंपन्या, एक तारेची, एक हवेतली, एकाच दिवशी कशा आजारी पडतात? पाणी सुटलं की अख्खी कॉलनी घरात असते, सगळे नेट ओढत असतील? असं वहीत लिहिलं, पण पटत नाही. स्टुलाशेजारी मोजलं तर दीडच मिनिट.
महेश रविवार असून चितेगावला कंपनीत गेला होता. आल्यावर म्हणाला, "अण्णा, कशाला जिवाला लावून घेता? नसलं तर नसलं." त्याच्या मोबाइलवर फ्लॅटचे फोटो होते. मी चष्मा पुसत बसलो.

२९ एप्रिल, सोमवार
पा. आलं. आ. खो. १८ नि १८.
वही घेऊन डोकं धरून बसलो होतो. ही ड्रमांना फडकी बांधत होती. म्हणाली, "अहो, बघा की, पाणी आलं की तुमचं नेट रुसतं. सवत आहे काय?"
हसलो. मग हसू थांबलं.
भिंतीवरच्या कॅलेंडरवर ही पा. आल्याची खूण करते. ते काढून वहीशेजारी ठेवलं. आलं त्या दिवशी अठरा. मग चौदा, अकरा, सात. ड्रम तळाला गेले की चार. पुन्हा आलं, पुन्हा अठरा. एकदाही चुकलं नाही. डबी स्टुलावर, कमरेच्या खाली. पल्लवीचं टेबल भिंतीपलीकडं. मधी बोळ, बोळीत चार ड्रम पाण्याचे. नेट पाण्यातून पलीकडं जात नसंल?
कुणाला सांगितलं नाही. आधी मोजायचं. त्याला आता आठ दिवस.

७ मे, मंगळवार
पा. यायच्या आधी रिकामे ड्रम बाहेर ओट्यावर नेले. हिचा विरोध. "गेल्या साली बाहेरचं पाणी कुणी उपसून नेलं, विसरलात? नेट प्यायला येत नाही." म्हणालो, एकच दिवस. पाइप लावून ओट्यावरच भरले.
चार वाजता आ. खो. पाणी आलेला दिवस, ड्रम काठोकाठ, फक्त जागा बाहेर. ३ मि. ५० से. दुसरीनं ३ मि. ५५.
सापडलं. दोन्ही कंपन्या खऱ्या. इरफान खरा. आमचंच पाणी आडवं.

८ मे, बुधवार
इरफानच्या दुकानावर गेलो. म्हणालो, "मी चोर म्हणालो ते मागं घेतो." त्याला कसंतरी झालं. "अरे जाने दो चाचा." मग सगळं सांगितलं तर खुर्चीत मागं टेकला. "मैं दीवार का सोचा था, पानी का नै सोचा." उपायही त्यानंच काढला. डबीपासून आतल्या खोलीत सरळ तार ओढायची, पल्लवीच्या मशीनला जोडायची. ड्रम जिथं आहेत तिथं राहू देत. दहा मिनिटांचं काम. पण सध्या रोज कुठं ना कुठं खोदतात, तारा जोडता जोडता त्याला दम नाही. म्हणाला, दहा-बारा दिवसांनी येतो.
या वेळी चहा मी पाजला.

१० मे, शुक्रवार. अक्षय्य तृतीया
पितरांचा करा भरला. आमरस. सगळे पानावर असताना सांगितलं. वही दाखवली, कॅलेंडर दाखवलं. म्हणालो, "पुण्याला जायची गरज नाही. तार ओढली की काम फत्ते."
सई ओरडली, "म्हणजे माझी शाळा इथंच?" महेश पल्लवीकडं बघायला लागला. पल्लवी म्हणाली, "बरं झालं अण्णा. किती केलंत तुम्ही." आणि उठली. रस अर्धा वाटीत होता.
तिला आमरस किती आवडतो ते सगळ्या कॉलनीला माहीत आहे.

१२ मे, रविवार
महेशनं स्कूटरवर मागं बसवलं, चला म्हणाला, चहा पिऊन येऊ. जालना रोडनं पार करमाडकडं गेलो. दोन्हीकडं इमारती, टोलेजंग. प्रत्येकीच्या खाली टँकर उभा.
टपरीवर त्यानं दोन चहा सांगितले. मग, "अण्णा, ती नेटचं नाव पुढं करत होती. नेटवर कुणाचा राग राहात नाही ना."
म्हणालो, "मग खरं काय?"
"ते तिलाच सांगू द्या."
येताना ऊन पाठीवर. 

१५ मे, बुधवार
पा. आलं, सकाळी अकराला, पल्लवीच्या मीटिंगच्या मधोमध. हिचे गुडघे धरलेले, मी बँकेत गेलेलो. पोरगी कान-फोन तसाच लावून पाइप एका ड्रमातून दुसऱ्यात टाकत होती. मी आलो तेव्हा कोपरापर्यंत ओली, मोटारीच्या आवाजात ओरडून कुणाला तरी म्हणत होती, "हो सर, ऐकतेय सर." ड्रम हिनं परत बोळीत घेतलेत.
नंतर माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "अण्णा, रागावू नका. मला पाण्याचा वीट आलाय."
बोल म्हणालो.
"आठ दिवस वाट बघायची, आलं की सगळं टाकून धावायचं. नाही आलं की टँकरमागं. सईला मी आंघोळीला मोजून तांबे देते, ती आता स्वतःच मोजते. तुम्हाला कसं सांगू? तुम्ही अख्खं आयुष्य या शहराला पाणी पाजलंत. पाण्यापायी तुमचं घर सोडते, असं कोणत्या तोंडानं म्हणू? म्हणून नेट म्हणाले."
 म्हणालो, "आम्ही सोडत होतो गं. आडातच नव्हतं." असलं काहीतरी. ती रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे केसही ओलेच होते.
तिनं सांगितलं नसतं तर बरं होतं असं वाटलं, आणि सांगितलं म्हणून पोटच्या लेकीसारखी वाटली. दोन्ही एकदम.

१६ मे, गुरुवार
हिला सांगितलं. म्हणाली, "मला ठाऊक होतं."
"मग बोलली का नाहीस?"
"तुम्ही इतक्या हौसेनं मोजत होता."

१८ मे, शनिवार
पल्लवीनं एक छापील कागद दिला. सोमवारपासून सात दिवस, रोज तिच्या टेबलावरून तीच फाईल किती वेळात उतरते ते भरायचं. ऑफिसला तो कागद जाणार. चांगलं आलं तर कायम घरून काम. नाही आलं तर पंधरा जूनला पुण्यात हजर.
म्हणालो, "तूच भर की."
"नको अण्णा. तुम्ही मोजाल तेच मी पाठवीन. 'राहा' असं निघालं तर राहीन, तक्रार करणार नाही. मनापासून राहीन."
राहील ती, मला माहीत आहे. सईला तांबे मोजून देत राहील. महेशला विचारलं, तुझं काय मत? तो म्हणाला, "माझं दोन्हीकडं आहे अण्णा." माझ्याच वळणाचा आहे.
दुपारी सगळे झोपले होते तेव्हा घरात फिरलो. त्यांच्या चपला, सईची सायकल, गॅलरीत वाळत घातलेला तिचा फ्रॉक. घर भरलेलं असलं की आवाज येत नसतानाही कळतं.

१९ मे, रविवार
इरफानचा फोन. "चाचा, कल सुबो आऊं क्या? दस मिनट में खींच देतूं." पल्लवी समोर बसून सईची वेणी घालत होती. हात थांबला नाही तिचा. मान वर केली नाही.
म्हणालो, "थोड्या वेळानं सांगतो तुला."
त्याला आता दोन तास झाले. ही दोनदा येऊन बघून गेली.
तार ओढली, पोरं इथंच राहिली, तरी आकडा खरा. नाही ओढली, ड्रम आहेत तिथं राहिले, पोरं पुण्याला गेली, तरी आकडा खराच. पंधरालाच भरलेत, अजून निम्मे आहेत. खोटं कुठंच लिहावं लागत नाही. खोटं लिहायचं असतं तर सोपं होतं, हात धजला नसता आणि सुटलो असतो.
कागदावर उद्याची तारीख घातली. इरफानचं नाव मोबाइलवर काढून ठेवलंय. आत सई पाढे म्हणतेय, पल्लवी चुकलेलं सांगतेय, आणि मी नुसता इरफानच्या नावावर बोट ठेवून बसलोय.