नाकाच्या शेंड्यावरचा सूड

५ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
नाकाच्या शेंड्यावर पुटकुळी. मसुराएवढी, लाल, मधोमध पांढरा ठिपका. वय वर्षं त्रेचाळीस. हा प्रकार कॉलेजात संपायला हवा होता, पण माझ्या त्वचेला कॅलेंडर कळत नाही.

शुक्रवारी फोटो आहे. दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर नवं पोस्टर लागणार. माणसाएवढं उंच, चष्मा लावलेला प्रसन्न चेहरा. चेहरा माझा. दुकानाच्या मालकीण मॅडम स्वतः म्हणाल्या, एकोणीस वर्षं गिऱ्हाइकांच्या नाकावर चष्मे बसवताय, तुम्हीच उभे राहा. मी आढेवेढे घेतले, पण माफक. त्यांचं मन बदलेल इतके नाही.

निश्चय: हात लावायचा नाही. चार दिवसांचा प्रश्न आहे.

७.२५
हात लावला.

७.४०
फक्त पांढरा ठिपका काढायचा होता. आता तिथे सुपारी उगवली आहे. दोष बाथरूममधल्या बल्बचा. नवा बल्ब बायकोने आणला. इतक्या उजेडात कोणाचाही संयम सुटेल.

६ फेब्रुवारी, मंगळवार
चष्म्याच्या दुकानात तोंड लपवायला जागा नसते. सतरा आरसे. त्यात माझं काम असं, की गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यापासून माझं नाक वीतभरावर. आज एका बाईंना नवा चष्मा घालून दिला. म्हणाल्या, आता कसं एकदम स्वच्छ दिसतंय. काय दिसतंय ते मी विचारलं नाही.

माझ्या समोरच्या काउंटरवर कानाची मशिनं विकणारा बसतो. कानवाला. वय चौतीस, नोकरीला जेमतेम तीन वर्षं. त्याच्या गिऱ्हाइकांना ऐकू येत नाही म्हणून तो सगळंच ओरडून बोलतो. तेवढ्याच आवाजात मला म्हणाला, काका, उशिरा तारुण्य आलं वाटतं. त्याच्यासमोर तीन बहिरे बसले होते. तिघंही हसले.

याचा सूड घेतला जाईल. कसा, ते ठरायचं आहे. घेतला जाईल, हे ठरलं.

७ फेब्रुवारी, बुधवार
टूथपेस्ट लावली की पुटकुळी सुकते असं कुठेतरी वाचलं होतं. पंचवीस मिनिटं लावून ठेवली. पुटकुळी जागेवर. भोवतीचं कातडं मात्र सोललं. आता ती दुरून नेमबाजीच्या पाटीसारखी दिसते.

बायको म्हणाली, अहो, लेक ज्या डॉक्टरीणबाईंकडे जाते त्यांनाच दाखवा की. लेकीला सोळावं चालू आहे. तिच्या गालांवर पुटकुळ्या आहेत, पण ते वयच तसं. मी तिला रोज समजावतो: हात लावू नकोस, आरशापुढून ऊठ, मन खंबीर ठेव. आजही समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाबा, तुझ्या नाकाला अजून पेस्ट आहे.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो. पुरावा हवा.

फोटोग्राफर अकराला आला. मला स्टुलावर बसवलं, दिवा डावीकडून लावला, उजवीकडून लावला, वरून लावला. मग मॅडमच्या कानाशी काही बोलला. मॅडम म्हणाल्या, तुम्ही आज जरा थकल्यासारखे दिसताय. मी म्हणालो, मुळीच नाही. त्या म्हणाल्या, नाही, दिसताय. आणि कानवाल्याला हाक मारली.

चष्म्याच्या दुकानाच्या भिंतीवर कानाचा माणूस.

त्यावर कडी म्हणजे मी स्वतःसाठी महिनाभर बाजूला ठेवलेली काळी फ्रेम त्याला दिली. बसवून कोण देणार? मीच. त्याच्या कानांमागे माझी बोटं. त्याचे गाल मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिले. खड्डेच खड्डे, जुने, बुजलेले. चेहरा टाकी लावलेल्या पाट्यासारखा. आणि हा माझ्याऐवजी.

मी चष्म्याची डावी काडी मुद्दाम किंचित वर ठेवली. जन्मभर पोस्टरवर तिरका दिसला असता. फोटोग्राफरने पहिल्याच फोटोनंतर ती सरळ केली. फोटोग्राफरचंही नाव यादीत.

११ फेब्रुवारी, रविवार
यादी: १. कानवाला. २. फोटोग्राफर. ३. बल्ब.

मॅडमना यादीत घेतलं नाही. पगारवाढ एप्रिलमध्ये असते.

योजना: तीस दिवसांत असा चेहरा करायचा की मॅडमनी हळहळावं आणि कानवाल्याने मान खाली घालावी. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे गेलो. त्याने काउंटरखालून एक ट्यूब काढली. म्हणाला, ही कंपनी जाहिरात करत नाही, गरजच पडत नाही, आठ दिवसांत फरक. कागद वाचायला मागितला तर म्हणाला, वाचण्यात वेळ कशाला घालवता, लावा. मला हा माणूस आवडला.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार
चमत्कार. नाक सपाट. गाल काचेसारखे, तेही महागड्या काचेसारखे. कारण नसताना तीनदा कानवाल्याच्या काउंटरवरून गेलो. तिसऱ्या वेळी त्याने विचारलं, काका, काही हवंय का. हवंय, पण ते सांगायची वेळ यायची आहे.

लेकीने विचारलं, काय लावतोस. ट्यूब दाखवली. ती म्हणाली, यावर आत काय आहे ते लिहिलेलंच नाही. मी म्हणालो, असतो एकेकाच्या हाताला गुण. म्हणाली, माझ्या डॉक्टर असलं काही लावायचं नाही म्हणतात. या वयात मुलांना डॉक्टर फार मोठे वाटतात.

२४ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी
ट्यूब बुधवारी संपली. आज कपाळापासून हनुवटीपर्यंत सतरा. दुकानातल्या आरशांइतक्या. तोंड लालभडक आणि अशी आग, की जणू कोणी नुकतीच मुस्काटात मारली आहे. कोणी, ते सांगायची गरज नाही.

दुपारी
मेडिकलवाल्याला जाब विचारायला गेलो. घरून वाक्यं तयार करून नेली होती. पहिलं होतं, तू माणूस आहेस की कोण. पण दुकानात चार माणसं होती आणि चारही माझ्याकडेच बघत होती. खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. आणि एक ट्यूब.

मेडिकलवाला यादीत चौथा.

२६ फेब्रुवारी, सोमवार
बायकोने ट्यूब कचऱ्यात टाकली आणि मला लेकीबरोबर डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. लेकीची तपासणी आजच होती. वेटिंग रूममध्ये सगळी चौदा-पंधरा वर्षांची पोरं, शेजारी त्यांच्या आया. रिसेप्शनवरची मुलगी मला म्हणाली, तुम्ही बाहेर बसा, पेशंटलाच आत सोडतो. लेक म्हणाली, पेशंट हेही आहेत. आख्ख्या खोलीने मान वळवली. एका पोराने मोबाइल खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. पुढे हे असं होतं का, अशी त्याची नजर होती.

डॉक्टरीणबाईंनी ट्यूबचा फोटो बघितला आणि सुस्कारा सोडला. म्हणाल्या, यात बहुतेक स्टेरॉइड आहे, आधी छान वाटतं आणि बंद केलं की हे असं उसळतं. आता ते बंद. एक साबण, एक जेल, आणि हात लावायचा नाही. मी विचारलं, किती दिवस. म्हणाल्या, आठ ते बारा आठवडे, आणि सुरुवातीला थोडं वाढेल. मी म्हणालो, मला शुक्रवारपर्यंत हवंय, पोस्टर लागतंय. त्या म्हणाल्या, पोस्टर लागू दे की.

येताना लेकीने समजावलं, बाबा, जेल वाटाण्याएवढंच घ्यायचं, आख्ख्या तोंडाला मिळून. तीही पहिले तीन महिने आरशात बघायची नाही म्हणे. दात घासताना दिवा बंद करायची. मला वाटायचं वीज वाचवते.

१ मार्च, शुक्रवार
पोस्टर लागलं.

सहा फूट कानवाला. माझी फ्रेम. आणि गाल गुळगुळीत. एकही खड्डा नाही. फोटोग्राफरने कॉम्प्युटरवर सगळे बुजवले. म्हणजे माझी एक पुटकुळी बुजवता आली नसती का? आली असती. मनात नव्हतं.

हा वैयक्तिक प्रश्न राहिलेला नाही. जनतेची फसवणूक आहे. कोणीतरी सत्य समोर आणायला हवं. दुकानाची किल्ली माझ्याकडे असते. मी सगळ्यांच्या आधी येतो.

२ मार्च, शनिवार. सकाळी ८.२०
आणलं.

साधन: चष्म्याच्या काचेवर बुबुळाच्या मध्याची खूण करायचं लाल पेन. गुळगुळीत कागदावर सुरेख चालतं. रस्त्यावर कोणी नव्हतं. तीनच पुटकुळ्या काढायच्या ठरवल्या होत्या, संयमाने. पण हात बसला. एकूण अकरा. नाकाच्या शेंड्यावरची सर्वांत मोठी, मधोमध पांढरी जागा सोडून. एकोणीस वर्षांचं हस्तकौशल्य. मागे सरून पाहिलं आणि आठवड्याभरात पहिल्यांदा चेहऱ्याची आग थांबली.

माग लागणं अशक्य. भिंत बाहेरची, रस्ता सगळ्यांचा.

दुपारी १.३०
मॅडम भडकल्या. म्हणाल्या, रस्त्यावरची टवाळ कार्टी. मीही म्हणालो, काय काळ आलाय. कानवाला मात्र बाहेर बराच वेळ उभा होता. आत आला, माझ्या खिशाकडे बघितलं, आणि दिवसभर हळू आवाजात बोलला. त्याच्या गिऱ्हाइकांची पंचाईत झाली.

लाल पेन दुकानात एकच आहे, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

संध्याकाळी ६.४५
लेक क्लासहून आली ती थेट खोलीत. बायको म्हणाली, काही बोलत नाही, तुम्ही बघा.

बघितलं. क्लासच्या चार-पाच जणी लेकीबरोबर दुकानावरून येत होत्या. पोस्टर बघून हसल्या. हसता हसता एकीने लेकीकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. एवढंच. कोणी काही बोललं नाही. लेक म्हणाली, बोलली असती तर बरं झालं असतं.

मग विचारलं, बाबा, कोणी केलं असेल रे ते. मी म्हणालो, काय माहीत. ती म्हणाली, ज्याने केलं ना, त्याचं तोंड अगदी स्वच्छ असणार. त्याला काय कळणार.

मी मान हलवली. दुसरं काय करता आलं असतं ते सुचलेलं नाही.

३ मार्च, रविवार. सकाळी ९
दुकान बंद असतं. स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन गेलो. भिंतीपाशी कानवाला आधीच उभा. त्याच्याही हातात स्पिरिट. कपाळ आणि उजवा गाल पुसून झाला होता.

वाटलं, आता कॉलर धरणार. म्हणाला, डावा गाल तुम्ही घ्या, तुमचा हात चांगलाय.

पुसलं. दोघांनी. तो समोर बघतच बोलत होता. एकविसाव्या वर्षी त्याचा चेहरा असा भरला होता की वर्षभर घराबाहेर पडला नाही, आख्खं वर्ष वाया गेलं. फोटोच्या दिवशी तो मॅडमना म्हणाला होता, काकांसाठी तीन आठवडे थांबू. छपाईची तारीख ठरलेली होती म्हणून थांबता आलं नाही. मी विचारलं, मग ते तारुण्याचं काय. तो म्हणाला, मला वाटलं हसण्यावारी नेलेलं बरं, मला तेव्हा सगळे हळूच विचारायचे, त्याचा फार त्रास व्हायचा. पण चुकलंच माझं.

त्याच्याविरुद्ध तीन आठवडे जमवलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही. मी म्हणालो, पेन माझं होतं. तो म्हणाला, माहितेय. मॅडमना सांगितलं नाहीये. नाकाचा शेंडा शेवटी मी पुसला. रंग निघाला, फिकट डाग राहिला.

सकाळी ११
यादी फाडली. कानवाला तसाही मला वचकून असावा.

हे खरं नाही. खोडत नाही, राहू दे.

४ मार्च, सोमवार. सकाळी ७.५०
लेकीला सांगितलं. बायको अंघोळीला गेली तेव्हा, स्वयंपाकघरात. ती डबा भरत होती. मी आधी प्रस्तावना केली: परिस्थिती, मानसिक ताण, मेडिकलवाला. ती म्हणाली, बाबा, काय झालंय ते सांग.

मी म्हणालो, ते मी केलं.

तिने डब्याचं झाकण लावलं. बसेना. परत काढलं, परत लावलं. मग विचारलं, किती काढल्यास.

म्हणालो, अकरा.

ती म्हणाली, माझ्या नऊ आहेत. मोजल्या मी.

डबा उचलला आणि गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मलाही काही बोलता आलं असतं.

८.०५
दुकानाला उशीर होतोय. तोंड धुतलं, दिवा न लावता.