विहीर पुजायच्या दिवशी

॥ श्री ॥
पिपलानी, भोपाळ
१२ नोव्हेंबर २०२४

चि. शमिका हिस आजीचे अनेक आशीर्वाद.

मजकूर माझा, अक्षर तुझ्या आईचं. ‘रक्त’ म्हटलं की अनुराधाचं पेन अडतं. पोरीला परत बोलवा म्हणते.

त्या बाळंतिणीचं नाव लिहिलं नाहीस, बरं केलंस. आम्ही दोघी तोंडाच्या सैल. तिला एचआयव्ही आहे हे सासूला कळलं तर तिचं घर सुटेल, आणि बाळाला लागण असेल तर औषधाला उशीर चालणार नाही, एवढं समजलं. पण तिकडच्या रीतीप्रमाणे विहीर पुजल्याशिवाय बाळंतीण उंबरा ओलांडणार नाही, आणि तू ते रक्त तपासायचं डब्याएवढं यंत्र घेऊन दाराशी गेलीस तर गावभर बोभाटा.

अगं, मग विहिरीच्याच दिवशी गाठ. शेजारी अंगणवाडी आहे ना? लस टोचायचीच आहे, त्यातच रक्त घ्या. सासूला मात्र विहिरीवरून हलू देऊ नकोस. माझे उखाणे घे. नवरा नसेल तर उसना घे.

लोभ पाठवते आहे, पुरवून वापर.
तुझी आजी

बैरसियाजवळ
१९ नोव्हेंबर

ती. आजीस शमिकाचा शि. सा. न. वि. वि.

काल विहीर पुजली. लस देताना नर्सताईंनी बाळाच्या टाचेतून थेंब घेतले. यंत्राला तासभर लागतो. मध्येच बॅटरीने दगा दिला. पुन्हा टाच, पुन्हा तास. सासूबाई उठल्याच, “टीके में इतनी देर?” म्हणत. त्यांना हाताला धरून बसवलं आणि आजोबांच्याच नावाने सुरू केलं:

“करोंदच्या मंडीत गव्हाची रास,
दिगंबररावांना चहा लागतो तासातास.”

बायकांनी अर्थ विचारला, मग एकेकीला उखाण्यांचा चेव आला. शेवटी सासूबाईच उठेनात.

यंत्रावर आलं: विषाणू आढळला नाही. बाळंतिणीच्या कानात सांगितलं. पुढच्या तपासण्या उरल्यात, तुझं औषध चुकवू नकोस, हेही. तिने बाळाच्या कुंचीची गाठ सोडली, बांधली, परत सोडली.

माया अशीच असू दे, उखाणेही.
तुझी शमिका

पिपलानी
२४ नोव्हेंबर

चि. शमिकास आशीर्वाद.

तुझा उखाणा ऐकून आजोबा तासातासाला चहा मागतायत. निस्तरायला तूच ये. बॅटऱ्या दोन नेत जा, नवरा एक पुरे.

बाळाचं रक्त, बाळाचं रक्त, असं मी मुद्दाम दोनदा सांगितलं. पेन अडलं नाही.

आमच्यावरचा जीव कमी करू नकोस.
तुझी आजी

ता. क. हे माझं मी लिहिते आहे. बाळाची पुढची तपासणी कधी, ते मला आधी कळव. – आई